कॉर्ड आणि स्केलच्या आकृत्या: फ्रेटबोर्ड उभा, आडवा की दोन्ही?

खर्ज
गिटार शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि स्केलची (ओळीने येणारे स्वर) एक वही तयार करतोय. मजकूर जवळपास झाला आहे, काम अडलंय ते आकृत्यांपाशी.

कॉर्डच्या आकृत्या उभ्या काढल्या आहेत: वर नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी), डावीकडे जाड सहावी तार, उजवीकडे पातळ पहिली. स्केलच्या आडव्या: नट डावीकडे, सहावी तार तळाला. दोन्ही पद्धती रूढ आहेत म्हणून तशाच ठेवल्या. पण एकाच पानावर वर ए मायनर कॉर्ड आणि खाली ए मायनर पेंटॅटॉनिक (पाच स्वरांची स्केल) आली की शिकणारा थबकतो. वर डावीकडे असलेली तार खालच्या आकृतीत तळाला कशी गेली, हे त्याला दर वेळी नव्याने जुळवावं लागतं.

सगळ्या आकृत्या एकाच दिशेच्या कराव्यात का? किती फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधले कप्पे) दाखवावेत? ठिपक्यात काय लिहावं: बोटाचा आकडा, स्वराचं नाव की रूटपासूनचं (मूळ स्वरापासूनचं) अंतर? डावखुऱ्यांसाठी वेगळी प्रत हवी का? सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं बदलता येतं, पण कशाच्या आधारावर ठरवायचं ते समजत नाहीये. ज्याला ज्याचा अनुभव असेल त्याने त्यावर लिहा, क्रम पाळायची गरज नाही.

बारावा पडदा
दिशेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं तिच्यावर अवलंबून आहे.

गिटार भिंतीला टेकवून उभी करा, तारा तुमच्याकडे. हेडस्टॉक वर, जाड तार डावीकडे. झाली उभी आकृती. आता तीच गिटार मांडीवर आडवी घ्या, तारा छताकडे. नट डाव्या हाताला, जाड तार पोटाजवळ, पातळ तार सगळ्यात लांब. ही आडवी आकृती. टॅबही (तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहायची पद्धत) याच नजरेने लिहिलेली असते, म्हणून तिच्यात सगळ्यात वरची रेघ पहिल्या तारेची.

म्हणजे दोन्ही आकृत्या एकच आहेत. उभी आकृती घड्याळाच्या उलट्या दिशेने पाव फेरा फिरवली की आडवी मिळते. वहीच्या पहिल्या पानावर एकच कॉर्ड दोन्ही दिशांनी शेजारी-शेजारी छापा आणि विद्यार्थ्याला वही हातात धरून फिरवायला सांगा. एकदा हाताने फिरवून पाहिलं की बराचसा गोंधळ जातो.

सगळं एकाच दिशेत करण्याच्या मी विरोधात आहे. कॉर्ड चार-पाच फ्रेटमध्ये मावते आणि गाण्याच्या शब्दांवर छोट्या चौकोनात बसते, तिथे उभी आकृतीच सोयीची. स्केल मानेवर लांबवर पसरते आणि तिच्याखाली बहुतेक वेळा टॅब येते. टॅबच्या वर उभी स्केल ठेवली तर डोळ्यांना उलटसुलट फिरावं लागेल.

मींड
+१. एक सावधगिरी: काही ॲपमध्ये आडव्या आकृतीत जाड तार वर ठेवण्याचाही पर्याय असतो. वाजवताना जाड तार छताच्या बाजूला असते, त्यामुळे काहींना तेच नैसर्गिक वाटतं. पण नट डावीकडेच ठेवून जाड तार वर नेली की उभ्या आकृतीशी नातं तुटतं. कितीही फिरवलं तरी एकातून दुसरी मिळत नाही, कारण ती आरशातली प्रतिमा असते. टॅबशीही ती उलटी पडते. स्वतःपुरतं वापरायला हरकत नाही, शिकवण्याच्या वहीत नको.

रेघोट्या
लिलीपाँड (नोटेशन छापायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर कॉर्डच्या आकृतीसाठी 'फ्रेट-डायग्राम-डिटेल्स' नावाचा एकच गुणधर्म-संच आहे आणि इथे विचारलेलं बरंचसं त्यातच ठरतं. 'ओरिएंटेशन'ला तीन किमती: नॉर्मल, लँडस्केप, अपोझिंग-लँडस्केप. 'फ्रेट-काउंट' आपसूक ४ असतो. 'फिंगर-कोड'ने बोटांचे आकडे ठिपक्यात, तारेखाली किंवा अजिबात नाहीत असं ठरतं. 'बारे-टाइप'ने बारेची (एकाच बोटाने अनेक तारा दाबण्याची) खूण कमानीसारखी, सरळ पट्टी किंवा काहीच नाही. 'नंबर-टाइप'ने फ्रेटचा क्रमांक रोमन की साध्या अंकांत ते ठरतं. हे सगळं फाइलच्या सुरुवातीला एकदाच लिहा. प्रत्येक आकृतीला वेगळं लिहीत बसलात तर चाळिसाव्या पानावर एखादी वेगळीच दिसणार.

म्यूझस्कोर या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये आकृती निवडली की गुणधर्मांच्या पटलात तारांची संख्या, दिसणारे फ्रेट, दिशा आणि नट दाखवायचा की नाही हे मिळतं. बहुतेकांना तेवढं पुरतं.

कोणतंही साधन असो, पर्यायाच्या नावावरून दिशेचा अंदाज बांधू नका. सी कॉर्ड छापून पाहा: ×३२०१० (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत फ्रेटचे आकडे; × म्हणजे बंद तार, ० म्हणजे खुली). ती दोन्ही बाजूंनी सारखी नाही, त्यामुळे काही उलटलं असेल तर लगेच दिसतं. ई मायनर घेतलीत तर दोन ठिपके शेजारी-शेजारी दिसतील आणि चूक नजरेतून सुटू शकेल.

नवखा
मी सध्या शिकतोय, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने एक प्रश्न. काही आकृत्यांमध्ये सगळ्यात वरची रेघ जाड असते, काहींत बारीक, आणि बारीक असली की बाजूला '५' लिहिलेलं असतं. तो पाचवा फ्रेट म्हणजे पहिल्या ओळीतला का पहिल्या रेघेचा?

बारावा पडदा
पहिल्या ओळीतला, म्हणजे वरच्या दोन रेघांमधली जागा. जाड रेघ म्हणजे नट, तिथून आकृती मानेच्या टोकापासून सुरू होते. रेघ बारीक असेल तर आकृती मानेच्या मधूनच कापून घेतलेली आहे, आणि आकडा सांगतो की पहिली ओळ कितव्या फ्रेटची.

खर्ज, याच्या प्रश्नावरून तुमच्यासाठी दोन गोष्टी. आकडा रेघेसमोर न ठेवता पहिल्या ओळीच्या बरोबर मध्यासमोर ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल. आणि नटची जाडी ठळक असू द्या. बाकीच्या रेघांच्या दीडपट जाड रेघ छापल्यावर ओळखू येत नाही, किमान तिप्पट हवी.

खुल्या तारांचं वेगळं पाहावं लागतं. उदाहरणार्थ ए मेजरचा हा आकार: ×०७६५०. बोटं पाचव्या ते सातव्या फ्रेटवर, पण पाचवी आणि पहिली तार खुली. इथे आकृती पाचव्यापासून सुरू करा, नट दाखवू नका, आकडा लिहा, आणि खुल्या तारांचे गोल वर ठेवाच. काही साधनं आकृती मधून सुरू झाली की गोल गाळतात. मग शिकणारा त्या तारा वाजवतच नाही आणि कॉर्डचा सगळा रंग जातो.

साचा
आकड्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या कामाचं बोलतो. मी गाण्यांच्या फाइलमधून आकृत्या तयार करतो आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच पाहिली आहे: फ्रेटचे आकडे नटपासून मोजायचे की आकृतीच्या पहिल्या ओळीपासून?

कॉर्डप्रोमध्ये (गाण्याचे शब्द आणि कॉर्ड लिहायची फाइल-पद्धत) 'बेस-फ्रेट', म्हणजे आकृतीची पहिली ओळ कितव्या फ्रेटची ते, दिला की पुढचे आकडे आकृतीच्या पहिल्या ओळीपासून मोजतात. बी मायनरचा बारे नटपासून ×२४४३२ आहे. कॉर्डप्रोत तो बेस-फ्रेट २ आणि ×१३३२१ असा लिहायचा. बेस-फ्रेट २ ठेवून पुढे ×२४४३२ च लिहिलं तर अख्खी कॉर्ड एक फ्रेट वर सरकते. आकृती दिसायला निर्दोष असते, वाजते मात्र सी मायनर! दुसरीकडे कित्येक कॉर्डसंग्रहांत आकडे थेट नटपासून असतात. एकाकडून दुसरीकडे मजकूर नेताना हे आधी तपासा. खुल्या तारेचा ० आणि बंद तारेची फुली यांना सरकवायचं नाही, तेही ध्यानात असू द्या.

तपासणीचा सोपा मार्ग: प्रत्येक आकृतीतून स्वर काढा आणि कॉर्डच्या नावातल्या स्वरांशी जुळवा. सहाव्या तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई हे ट्यूनिंग धरलं की हे काम चार ओळींच्या प्रोग्रॅमचं आहे. जी आकृती जुळत नाही ती हाताने पाहायची.

मींड
आणि कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा)? कॅपो दुसऱ्या फ्रेटवर असताना जीचा आकार धरला की वाजते ए. आकृतीवर काय लिहायचं?

साचा
गाण्यासाठीच्या आकृतीत कॅपोलाच नट माना, आकार जीचाच दाखवा, आणि पानाच्या माथ्यावर एकदा 'कॅपो २' लिहा. हाताला आकार हवा असतो. खरा स्वर सांगायचाच असेल तर नावाखाली लहान अक्षरात 'वाजते ए' एवढं पुरे. कॅपोची पट्टी आखून आकडे खऱ्या नटपासून दाखवणं फक्त दोन गिटार एकत्र वाजणार असतील तेव्हा उपयोगी, कारण दुसऱ्याला खरी जागा कळावी लागते.

कोमल गंधार
ठिपक्यात काय लिहायचं यावर कोणी बोललं नाही अजून. मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

बोटाचा आकडा हात कुठे ठेवायचा ते सांगतो. स्वराचं नाव मानेचा नकाशा शिकवतं. रूटपासूनचं अंतर सांगतं की हा स्वर इथे का आहे. तिन्ही एकाच ठिपक्यात कोंबू नका. आकृती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते ठरवा आणि तेवढंच लिहा.

आपल्याकडे अंतरासाठी सरगम हाताशी आहे. रूटला सा मानलं की ए मायनर पेंटॅटॉनिक होते सा ग॒ म प नि॒, म्हणजे धानी रागाचे स्वर. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे सा रे ग प ध, भूप. ज्याने थोडंसं गाणं ऐकलं आहे त्याला 'फ्लॅट थ्री'पेक्षा कोमल ग पटकन कानात वाजतो. आकार मानेवर कुठेही सरकवला तरी अक्षरं तीच राहतात, ही मोठी सोय आहे.

छपाईत एकच त्रास होतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. संगणकावर त्यासाठी अनुदात्त आणि उदात्ताची चिन्हं वापरता येतात: ग॒, म॑. पण काही फाँटमध्ये रेघ अक्षराला चिकटते, लहान ठिपक्यात तर दिसतच नाही. ठिपका मोठा घ्या आणि आतला मजकूर थोडा वर सरकवा. सप्तकाच्या बिंदूंच्या भानगडीत आकृतीत पडूच नका, सप्तक तारेवरून कळतंच.

साचा
सरगमची कल्पना आवडली, पण एक पेच आहे. स्केलमध्ये सा ठरलेला असतो. कॉर्डमध्ये सा कोणाला मानायचं, कॉर्डच्या रूटला की गाण्याच्या सुराला? सी मेजरमधल्या जी सेव्हनचे स्वर जी, बी, डी, एफ. रूट सा धरला तर सा ग प नि॒. सी सा धरला तर प नि रे म. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही एकाच वहीत आले तर विद्यार्थ्याची वाट लागणार.

कोमल गंधार
पेच खरा आहे. मी कॉर्डच्या पानांवर रूटलाच सा मानेन, कारण तिथे प्रश्न 'ही कॉर्ड कशाची बनली आहे' हा असतो. मेजर, मायनर, सेव्हन यांतला फरक मग एका नजरेत दिसतो: ग, ग॒, नि॒. गाण्याच्या सुराला सा मानायचं ते कॉर्ड एकामागून एक कशा जातात हे शिकवण्याच्या पानांवर, आणि तिथे आकृतीच्या वर ठळक अक्षरात 'सा = सी' असं लिहायचं. ही ओळ नसेल तर सरगम छापूच नये.

रेघोट्या
सरगमला एक मर्यादा आहे हेही नोंदवतो. ई सेव्हन शार्प नाइन घ्या: ×७६७८×. त्यात जी शार्प आहे आणि जीसुद्धा. जी हा इथे वाढवलेला नववा म्हणून येतो, तिसरा नाही. सरगममध्ये तो कोमल ग असाच लिहिला जाईल आणि एकाच कॉर्डमध्ये ग आणि ग॒ दोन्ही दिसतील. कानाला ते चुकीचं नाही, पण नावामागचं कारण हरवतं. अशा कॉर्डच्या पानांवर आकडेच बरे.

स्वरांची नावं लिहिणार असाल तर शार्प-फ्लॅटही तपासा. बऱ्याच साधनांत 'फक्त शार्प' असं ठरवून ठेवलेलं असतं. मग एफ मेजर स्केलमध्ये ए आणि लगेच ए शार्प येतो, बी कुठेच नाही. सात स्वरांच्या स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं, तिथे बी फ्लॅटच हवा. सेटिंगमध्ये 'की' निवडता येत असेल तर निवडा, नाहीतर नावं हाताने बदला. हे सोडून देऊ नका, पुढे नोटेशन वाचताना मुलांना फार जड जातं.

डावखुरा
डावखुऱ्यांच्या प्रतीबद्दल. हवीच, आणि नीट हवी.

बहुतेक जण आकृती अर्ध्या फेऱ्याने फिरवून देतात आणि वर 'डावखुऱ्यांसाठी' लिहितात. आडवी आकृती तशी फिरवली की नट उजवीकडे जातो ते ठीक, पण जाड तार वर जाते. ती डावखुरी गिटार नाही, समोर बसलेल्या उजव्या माणसाची गिटार आहे. आमची गिटार मांडीवर ठेवली की नट उजवीकडे असतो आणि जाड तार पोटाजवळच, म्हणजे तळाला. म्हणून आडव्या आकृतीत फक्त डावं-उजवं बदलायचं, वर-खाली नाही. उभ्या आकृतीतही तेच: नट वरच राहतो, जाड तार उजवीकडे जाते.

दुसरी गोष्ट: तयार चित्र उलटवलं की अक्षरंही उलटतात. रेघा आणि ठिपके उलटवायचे, आकडे आणि नावं नाहीत. त्यामुळे चित्र उलटवू नका, साधनातच डाव्या हाताची सेटिंग लावून नव्याने काढा. आणि टॅब आम्हालाही तीच, तिला हात लावू नका.

बारावा पडदा
डावखुरा यांनी फार नेमकं लिहिलं आहे.

आता फ्रेटमधलं अंतर. आकृतीत फ्रेट समान अंतरावर काढायचे की खऱ्या मानेसारखे आकसत जाणारे? खऱ्या मानेवर प्रत्येक फ्रेटची जागा आधीच्या जागेला सुमारे १.०५९५ ने, म्हणजे २ च्या बाराव्या मुळाने, भागून येते. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या फ्रेटची जागा साधारण ३६.४ मिलिमीटर, बाराव्याची १९.३, बाविसाव्याची जेमतेम १०.८. हे प्रमाण आकृतीत ठेवलं तर पुढच्या फ्रेटवर ठिपके एकमेकांवर चढतात आणि अक्षरं मावत नाहीत. म्हणून ठिपक्यांत काही लिहिणार असाल तर समान अंतरच घ्या. पाच-सहा फ्रेटच्या तुकड्यात प्रमाण दाखवून काही मिळत नाही.

एका पानावर मात्र खरं प्रमाण जरूर वापरा: हार्मोनिक्स (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारे स्वर). बारावा फ्रेट तारेच्या बरोबर निम्म्यावर, सातवा जवळजवळ एक तृतीयांशावर, पाचवा जवळजवळ पाव लांबीवर. हे डोळ्यांना दिसलं की हार्मोनिक तिथेच का वाजतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समान अंतराच्या आकृतीत ते नातं दिसूच शकत नाही.

नवखा
स्केलच्या आकृतीत ३, ५, ७, ९ आणि १२ वर फिकट खुणा असल्या की मला जागा पटकन सापडते. त्या नसल्या की मोजत बसावं लागतं. पण कधी कधी तीच खूण स्वराचा ठिपका वाटते.

मींड
खुणा ठेवाव्यात, पण तारांच्या मधल्या जागेत आणि फिकट करड्या. तारेवर पडली की ती स्वर वाटणारच. आकृतीच्या खाली फ्रेटचे आकडे असतील तर आतल्या खुणा काढल्या तरी चालतं. क्लासिकल गिटारवर समोरच्या बाजूला खुणा बहुधा नसतातच, त्या विद्यार्थ्यांना आकडेच जास्त कामाचे.

रंगाचंही सांगून ठेवते. रूट लाल आणि बाकी हिरवे असं करू नका. काहींना त्या दोन रंगांत फरक दिसत नाही, आणि झेरॉक्स काढली की सगळ्यांसाठीच ते सारखे होतात. रूटला चौकोन द्या, बाकीच्यांना गोल. आकार बदलला की रंग असला-नसला तरी फरक पडत नाही.

खर्ज
खूप मिळालं, सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय.

कॉर्ड उभ्या, स्केल आडव्या, आणि पहिल्याच पानावर सी कॉर्ड दोन्ही दिशांनी. कॉर्डना ४ फ्रेट, लांब ताण असेल तिथे ५. स्केलसाठी एकच संख्या ठरवता येत नाहीये. पाचव्या फ्रेटवरची ए मायनर पेंटॅटॉनिक ५ ते ८ मध्ये मावते, पण सी मेजर एका तारेवर तीन स्वर अशी आठव्यापासून वाजवली की ८ ते १३ लागतात. त्यामुळे स्केलच्या सगळ्या आकृत्यांना ६ फ्रेटची चौकट ठेवतोय, लागोत न लागोत. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना चौकटीची रुंदी बदलली नाही की डोळा स्थिर राहतो.

पहिल्या भागात ठिपक्यात बोटांचे आकडे, दुसऱ्या भागात त्याच आकृत्या पुन्हा, या वेळी सरगम, रूट चौकोनात. पाने वाढतील, वाढू देत.

बारावा पडदा
६ च्या चौकटीबद्दल सहमत. बोटांच्या आकड्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. स्केलमध्ये आकडे छापूच नका. चार फ्रेटच्या चौकटीत एका फ्रेटला एक बोट हा नियम पहिल्या ओळीत सांगा आणि मोकळे ठिपके द्या. आकडे दिसले की मुलं आकडे वाचतात, मान पाहत नाहीत.

खर्ज
तीन स्वरांच्या आकारांत तो नियम चालत नाही ना. ८, १०, १२ ला पहिलं, दुसरं, चौथं लावायचं की पहिलं, तिसरं, चौथं, हे हाताच्या ताणावर ठरतं. तिथे आकडे ठेवतो, पेंटॅटॉनिकमधून काढून टाकतो.

बारावा पडदा
चालेल.

सातवी तार
उशिरा आलो. वहीत सात तारांची पानं आहेत का? बहुतेक साधनांत तारांची संख्या ७ केली तरी ट्यूनिंग सहाचंच राहतं, सातव्या तारेला बी वेगळा द्यावा लागतो. तो दिला नाही तर स्वरांची नावं एकतर गायब होतात नाहीतर एका तारेने सरकतात. ड्रॉप डीचंही तसंच: सहावी तार एक सूर खाली गेली हे आकृतीला माहीत नसेल तर नाव ईचं आणि आवाज डीचा.

खर्ज
सात तारा नाहीत, ड्रॉप डीची काही पानं आहेत. त्या आकृत्यांच्या माथ्यावर तारांची नावं छापतो: डी, ए, डी, जी, बी, ई. प्रमाण ट्यूनिंगच्या पानांवर ती लागणार नाहीत.

डावखुरा
नमुन्याची पानं पाहिली. डाव्या हाताच्या प्रतीत तारा आणि ठिपके बरोबर आहेत. फ्रेटचा आकडा मात्र अजून आकृतीच्या डावीकडेच आहे. आता जाड तार उजवीकडे आहे आणि बारेची सुरुवातही तिकडूनच होते, तेव्हा आकडाही उजवीकडे न्या. एफ कॉर्डच्या आकृतीत नट जाड आहे आणि शेजारी '१' पण आहे, तो एक काढला तरी चालेल.

खर्ज
दोन्ही बदल केले. एकचा आकडा उजव्या हाताच्या प्रतीतूनही काढला.